एकसारखी फरशी

३ मार्च

चि. ठोंब्या,

आशीर्वाद. तुझ्या त्या साइटवर फोन लागत नाही आणि सामानाची गाडी पंधरा दिवसांतून एकदा येते, म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत माझे राहिलेले केसही पिकतील. तरी लिहिते, कारण विषय तुझ्या धंद्यातला आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्याकडे अक्कल मागते आहे, तेव्हा नीट बसून वाच.

आपल्या व्हरांड्याचं काहीतरी करायला हवं. तीन बाजूंची डासांची जाळी मी गेल्या वर्षी नवी बसवून घेतली, ती ठीक आहे. प्रश्न खालचा आहे. बाबांनी सुट्टी घेऊन स्वतःच्या हातांनी ओतलेलं ते काँक्रीट, त्याला आता मधोमध भेग गेली आहे. कोपऱ्यांचे टवके उडालेत. झड आली की पाणी जाळीतून आत येतं आणि दोन दिवस जागचं हलत नाही. आई त्यावरून अनवाणी फिरते. चपला घाल म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करते. मागच्या महिन्यात ठेच लागून अंगठ्याचं नख गेलं.

आपलं काय ठरलंय ते तुला आठवत असेलच. आई एकदा जरी पडली, तरी तिला देखभाल केंद्रात ठेवायचं. मी सात वाजता कारखान्यात गणवेशाचे तागे कापायला उभी राहते ती सहाला सुटते. तेवढा वेळ घरात ती एकटी असते, आणि तो सगळा वेळ ती व्हरांड्यात त्या वेताच्या खुर्चीत काढते. आपलं हे बोलणं तिने ऐकलंय. तेव्हापासून कुणी न विचारता "मी अगदी ठणठणीत आहे" असं सांगत असते. तिला केंद्रात जायचं नाही आणि मलाही तिला पाठवायचं नाही. म्हणून म्हणते, ती पडायच्या आधी फरशी बदलू.

शेजारणीने तिच्याकडे गवतासारखं हिरवं कार्पेट अंथरलंय. दुकानदार विनाइलची गुंडाळी घ्या म्हणतो. कारखान्यातली एक बाई म्हणते, नुसता रंग मारा, पाच वर्षं बघायला नको. आई म्हणते, "आहे ते राहू दे." आता तू सांग.

तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस,

इथूनच पाया पडतो. तू माझ्याकडे अक्कल मागितलीस ती चिठ्ठी मी साइटवरच्या सगळ्यांना दाखवली. जपून ठेवणार आहे.

आता कामाचं. कार्पेट मनातून काढून टाक. पाणी पिऊन बसेल आणि महिन्याभरात घरभर वास सुटेल. रंगाचंही तेच. काँक्रीटला खालून ओल येत असेल तर रंग फुगून पापुद्रे निघतात, मग ते पापुद्रे पायाला चिकटतात. लाकूड दिसायला फार सुंदर, पण तुझ्या झडीत ते फुगणार आणि दरवर्षी तेलपाणी करायला मी तिथे नाही. विनाइल चाललं असतं, पण आधी ओल बघायला हवी. दोन वीत लांबरुंद प्लास्टिकचा कागद घे, काँक्रीटवर ठेव आणि चारी कडा चिकटपट्टीने गच्च बंद कर. तीन दिवस हात लावू नकोस. मग उचलून बघ. खालच्या बाजूने थेंब दिसले तर गोंदाने चिकटवायच्या सगळ्या गोष्टी बाद.

माझा अंदाज आहे की थेंब दिसतील. तसं झालं तर मधल्या खोलीत मी बसवली होती तीच फरशी घे. पाणी पीत नाही, घसरत नाही, आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल (तुझ्या किंवा माझ्या, ज्याचं आधी जमेल त्याच्या). व्हरांडा खोलीपेक्षा चार बोटं खाली आहे, तो भरून खोलीच्या पातळीला आणायचा, बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायचा, आणि मधला उंबरठा काढून टाकायचा. आईचा पाय अडकेल असं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. खोलीपासून जाळीपर्यंत एकसारखी फरशी. सांधे बारीक, खोलीतली रेघ व्हरांड्यात सरळ पुढे गेली पाहिजे. इथे दवाखान्याच्या इमारतीत मी हेच करतो. म्हातारी माणसं अडखळतात ती पातळी बदलते तिथे.

मी तिथे नसलो तरी फरशी तरी माझी असू दे. एवढंच माझ्याच्याने होण्यासारखं आहे.

ठोंब्या

१६ एप्रिल

चि. ठोंब्या,

तुझा अंदाज बरोबर निघाला, आता आणखी शेफारू नकोस. तिसऱ्या दिवशी प्लास्टिक उचललं तर खाली घाम फुटावा तसे थेंब. म्हणजे फरशीच.

या तीन दिवसांत आईने मात्र छळ मांडला होता. पहिल्याच सकाळी तिचा पाय त्या प्लास्टिकवर पडला आणि ती जागच्या जागी थांबली. "हे काय गुळगुळीत टाकलंस मध्येच?" असं दहादा विचारलं. समोर एवढा थोरला चकचकीत कागद पडलाय आणि ही मलाच विचारते. नंतर तीन दिवस भिंतीच्या कडेकडेने गेली, पण प्लास्टिकवरून गेली नाही. हट्टाला पेटली की ती कुणाची नाही.

मिस्त्री मिळालाय. त्याला सगळे पाणसळ म्हणतात, कारण पातळी बघायची ती पाणसळ तो हातातून खाली ठेवतच नाही. माझ्या चहाच्या कपाखालीसुद्धा लावून बघितली. माणूस सज्जन आहे, फक्त बोलतो फार थोडं. आई त्याच्या मागे लागली आहे. "थोडं जुनं काँक्रीट तसंच ठेवा, दारापासून खुर्चीपर्यंत ठेवलं तरी पुरे," असं तिने मला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला सांगितलं. मला ऐकू आलंच. मग माझ्या लक्षात आलं, की बाबांच्या हातचं आहे ना ते. इतक्या वर्षांत तिने बाबांचं नावही काढलं नाही, आणि आता त्यांनी ओतलेल्या सिमेंटवरून तिचा पाय निघत नाही. मला भरून आलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तेव्हा विचारते आहे, बाबांची आठवण म्हणून एक पट्टा जुना ठेवता येईल का?

आणखी एक गंमत. तुझं पत्र आलं की पूर्वी ती माझ्या हातातून ओढून घ्यायची. आता म्हणते, "तूच वाच, तुझा आवाज चांगला आहे." पन्नाशी गाठल्यावर आईच्या तोंडून हे ऐकलं.

तुझी ताई

८ मे

ती. ताईस,

आईचं वाचून वाईट वाटलं. पण पट्टा ठेवता येणार नाही. एका जमिनीत दोन प्रकार आले की मध्ये कडा येते, आणि कडा म्हणजे ठेच. ज्या ठेचेसाठी आपण एवढा खटाटोप करतोय तीच आपण हाताने बसवून ठेवल्यासारखं होईल. शिवाय जुन्या काँक्रीटमधून ओल येत राहणार, ती बाजूच्या फरशीखाली शिरणार. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. ते आपल्या कामाबद्दल भावुक नव्हते. व्हरांड्याचा ढाळ आतल्या बाजूला गेला होता हे त्यांनी स्वतःच मला हसत सांगितलं होतं.

सोबत मिस्त्रीसाठी वेगळा कागद जोडला आहे. त्यात सगळं लिहिलंय. त्याला सांग, कागदाबाहेर काही करायचं नाही, घरातलं कुणीही काहीही म्हणो. आईला म्हणावं, एकदा झालं की तूच कौतुक करशील.

मला ऑक्टोबरपर्यंत सुट्टी नाही. तोपर्यंत ही फरशी तिला सांभाळेल असं धरून चाललोय.

ठोंब्या

२ जून

चि. ठोंब्या,

झालं बाबा एकदाचं. तू इथे असतास तर छाती फुगवून फिरला असतास. खोली कुठे संपते आणि व्हरांडा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. उंबरठा गेला, भेग गेली. परवा झड आली तर पाणी आपलं आपण जाळीखालून बाहेर गेलं. शेजारीण बघून गेली आणि तिला तिचं हिरवं कार्पेट एकाएकी आवडेनासं झालं.

कौतुक नाही केलं ते फक्त आईने. रुसली आहे. पहिल्या दिवशी ताठ चालत गेली ती थेट जाळीवर जाऊन आपटली, कपाळाला जाळीची नक्षी उमटली. मी हसले, तीही हसली. म्हणाली, बोलता बोलता लक्ष नव्हतं. पण त्यानंतर व्हरांड्यात जाणं जवळजवळ बंद. मी कामावरून येते तेव्हा मधल्या खोलीतल्या पलंगाच्या कडेला बसलेली असते. हाक मारली की आधी कान देते, मग मान वळवते. "बाहेर का नाही बसलीस?" विचारलं की म्हणते, ऊन होतं. काल तर दिवसभर ढग होते.

आठवडाभर मी समजूत काढली. मग चिडले. म्हटलं, तुझ्यासाठी मुलाने तिकडून एवढं डोकं चालवलं, मी घरात आठ दिवस धूळ खाल्ली, आणि तू नाक मुरडतेस. मला नंतर वाटलं, उगाच बोलले. काय करू, तूच सांग.

तुझी ताई

१९ जून

साहेबांस नमस्कार,

मी तुमच्या घरी फरशी बसवली तो मिस्त्री. तुमचा पत्ता तुमच्या कागदावर होता. तुमच्या ताईंना हे सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

तुमच्या आईंना दिसत नाही. उजेड कुठे आहे तेवढं कळतं, बाकी नाही. मी आठ दिवस तिथे होतो, मला दुसऱ्याच दिवशी समजलं. त्या मला चहा आणून द्यायच्या तेव्हा कप माझ्या आवाजाकडे धरायच्या. मी गप्प राहिलो की थांबायच्या. एकदा मी मुद्दाम न बोलता बाजूला सरकलो, त्यांनी चहा मोकळ्या जागेपुढे धरला. तेव्हा त्यांनी मला शपथ घातली की मुलांना सांगायचं नाही, नाहीतर मला इथून हलवतील.

त्या घरात पायांनी फिरत होत्या. गुळगुळीत लागलं की खोली. उंबरठा आला की दार. मग खरखरीत लागलं की व्हरांडा, आणि भेग लागली की डावीकडे खुर्ची. पाऊल जास्त पुढे पडलं तर कोपऱ्याचा टवका लागायचा, तिथून वळायचं. ते सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी मला हात जोडून सांगितलं, दारापासून खुर्चीपर्यंत तेवढं जुनं ठेवा. मी त्यांना तुमचा कागद वाचून दाखवला. मी म्हणालो, मुलगा या कामातला आहे, मी कागदाबाहेर जाणार नाही. त्या म्हणाल्या, बरं.

सांधे तुम्ही म्हणालात तसे बारीक केले. बोटाला लागणार नाहीत इतके बारीक. परवा उरलेलं सिमेंट न्यायला दुपारी गेलो. दार उघडंच होतं. तुमच्या आई गुडघ्यांवर आणि हातांवर होत्या, आणि नखाने सांधा शोधत व्हरांड्यातून पुढे सरकत होत्या. मी आवाज केला नाही. तसाच परत आलो. उचलून बसवायला हवं होतं, पण त्यांना कळलं असतं की मी बघितलं.

शपथ मोडली आहे. तुम्ही सांगाल ते मी येऊन करीन.

मिस्त्री

७ जुलै

ताई,

मिस्त्रीचं पत्र सोबत पाठवतो आहे. आधी ते वाच. मी चार वेळा वाचलं आणि मग गोदामात जाऊन बसलो. माझ्याने काम होईना.

मी इथे दवाखान्याची फरशी करतो आणि मला माझ्या आईच्या पायांचं ठाऊक नाही. ती "आहे ते राहू दे" म्हणत होती तेव्हा तिला नेमकं माहीत होतं तिला काय हवंय. मी इतक्या लांबून तिच्या पायाखालचं घर काढून घेतलं, आणि वर लिहिलं की तूच कौतुक करशील. मला लाज वाटते, ताई.

आता ऐक. मिस्त्रीला लगेच बोलाव. जिथे उंबरठा होता तिथे वीतभर रुंद पट्टा छिन्नीने खरखरीत करून घे. दुसरा पट्टा खुर्चीसमोर. तिला लगेच खूण मिळेल. तिच्यावर रागावू नकोस. तिला आपल्याला कळलंय हे कसं सांगायचं ते तूच ठरव, मला सुचत नाही. तिचे डोळे डॉक्टरांना दाखव. आणि केंद्राचा विचार एवढ्यात करू नकोस. मी साहेबांकडे सुट्टी मागितली, नाही म्हणाले. पुन्हा मागितली, तेव्हा म्हणाले, नोकरी सोडून जायचं असेल तर गाडी मंगळवारी आहे. मी गेलो नाही. घर तुझ्या आणि माझ्या दोघांच्या पगारावर चालतं, म्हणून गेलो नाही. हे बरोबर केलं का ते मला अजून कळत नाही.

ठोंब्या

३० जुलै

चि. ठोंब्या,

तुझं पत्र काल मिळालं. तोवर इथे बरंच होऊन गेलंय. तू स्वतःला दोष देतोस, पण तुझ्याजवळ लांब असल्याचं कारण तरी आहे. मी रोज तिच्या ताटात वाढत होते.

मला तुझ्याआधी कळलं. जूनच्या शेवटी एकदा कारखान्यात वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. आई मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. सकाळी व्हरांड्याकडे जाताना तिची दिशा चुकली, तेव्हापासून तिला स्वयंपाकघर सापडलं नव्हतं. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी दारात उभी होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. विचारत होती, "कोण आहे?" मी तिच्या शेजारी बसले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ठोंब्याला सांगू नकोस."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आतली नस वाळली आहे, दोन वर्षांपासून वाळते आहे, आता काही होण्यासारखं नाही.

मिस्त्रीला मी आपणहूनच बोलावलं होतं. तू आता सुचवतोस तसाच पट्टा आम्ही तेव्हाच केला, अगदी उंबरठ्याच्या जागी. बिचाऱ्याने खाली मान घालून छिन्नी मारली. दोन दिवस आई त्यावर पाय घासून बघायची आणि मान डोलवायची. पण पट्टा दोन्हीकडून सारखाच लागतो रे. पट्ट्यावर आली की दार आलं हे कळतं. पण तिथे थोडी जरी वळली, तरी आता आपण आत चाललोय का बाहेर हे कळत नाही, कारण पुढे आणि मागे एकच फरशी. मग ती पट्ट्यावरच उभी राहते. एकदा मी येईपर्यंत दोन तास तशी उभी होती.

मिस्त्री म्हणाला, सगळी उखडतो आणि पुन्हा काँक्रीट ओततो. आईच नको म्हणाली. म्हणाली, ते माझं नसेल. इतकी वर्षं ती विचार न करता चालत होती. आता प्रत्येक पाऊल मोजते आणि मोजलेलं विसरते. माझ्या सगळ्या रजा संपल्या. मी शेजारणीला विचारलं, ती दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी तिलाच ताप. मुकादम म्हणाला, आता एक दिवस जरी आली नाहीस तरी तुझ्या टेबलावर दुसरी उभी करतो. काल दुपारी तिने गॅस लावला आणि पातेलं जमिनीवर ठेवलं. मी संध्याकाळी आले तेव्हा गॅस तसाच चालू होता.

मी केंद्रात नाव आधीच दिलं होतं. दोन महिने थांबावं लागेल म्हणाले होते, पण एक पलंग रिकामा झाला. मी आईला सांगितलं. ती भांडली नाही. म्हणाली, "आधी ठोंब्याला पत्र घाल, मी सांगते तसं लिही, एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस." ते खाली उतरवते.

"चिरंजीव ठोंब्यास आईचे आशीर्वाद. तू सुचवलेली फरशी फार चांगली झाली आहे. सगळे कौतुक करतात. सुरुवातीला मला जरा नवीन वाटलं, पण आता पायाला सवय झाली. ताई उगाच घाबरते, तिचा स्वभावच तसा आहे. मला कुठेही न्यायची गरज नाही. तू मोठा झालास, या कामातला आहेस, तू सांगितलंस तर ती ऐकेल. हे पत्र मी व्हरांड्यात माझ्या खुर्चीत बसून सांगते आहे. आत्ताच कुणाचा हात न धरता इथे चालत आले. आज वारा पडला आहे. समोरच्या रस्त्याने शाळेतली मुलं चालली आहेत, त्यांचा आवाज इथे छान येतो. मी घर सांभाळते आहे असं तू ताईला कळव."

ठोंब्या, ती हे सांगत होती तेव्हा मधल्या खोलीत पलंगावर बसली होती, कपाटाकडे तोंड करून. खिडकी उघडी होती म्हणून मुलांचा आवाज येत होता. तिने मला विचारलं, "लिहिलंस ना, मी चालत आले ते?" मी म्हटलं, लिहिलं. सोमवारी सकाळी केंद्राची गाडी येणार आहे.

तुझी ताई